पाचशे ग्रॅम आणि वरची मूठ

आमच्या घरात मसाला सासूबाईंचा आणि वजनकाटा माझा, अशी वाटणी झाली तेव्हा सगळ्यांनाच वाटलं की आता सुरळीत चालेल. नवरा तर म्हणाला, "दोघींची खाती वेगळी, भांडणाला जागाच नाही." लग्नाला अकरा वर्षं झालेला माणूस इतकं भाबडं बोलू शकतो, याचं मला त्या दिवशी कौतुकच वाटलं. तो उरणला कंटेनरच्या यार्डात कामाला आहे. तिथे वजनावरून वाद झाला की क्रेन आणतात.

मी त्याआधी बेलापूरला एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर होते, कंत्राटी. आठ वर्षं काम एकच. लोकांचे अर्ज घ्यायचे आणि त्यातले निम्मे परत द्यायचे. समास सोडलेला नाही, तिकीट चिकटवलेलं नाही, झेरॉक्सवर सही नाही. कोणी हुज्जत घातली की टेबलाच्या काचेखाली नियमांचा कागद होता, त्यावर मी बोट ठेवायची. पुढे कंत्राट संपलं आणि मी घरी आले, पण ती बोट ठेवायची सवय काही सुटली नाही. घरात काच नव्हती म्हणून फ्रिजवर कागद लावायला लागले.

सासूबाई खाडीकाठच्या गावातल्या. गाव आता नावालाच. शेतं गेली, मिठागरं गेली, बदल्यात प्लॉट मिळाले आणि प्लॉटवर चारमजली बिल्डिंगी उभ्या राहिल्या. आमच्या बिल्डिंगीवर आजेसासऱ्यांचं नाव आहे. लाइटचं बिल सासऱ्यांच्या नावानं येतं, ते जाऊन सहा वर्षं झाली तरी. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर. सासूबाईंनी जन्मभर कागदांवर सह्या केल्या त्या संमतीच्या. "सगल्या कागदावर मी हाय," त्या म्हणायच्या, "पन खाली."

त्यांच्या हातचा मसाला मात्र आसपासच्या चार गावांत प्रसिद्ध. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, गिरणीत समोर उभं राहून कुटून आणायच्या, गिरणीवाल्यावर तिळमात्र विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची पद्धत. हा मसाला ऑनलाइन विकायचं डोकं माझं. साइटवर विक्रेता म्हणून नाव नोंदवायला बसले तेव्हा मसाला त्यांचा म्हणून आधार, पॅन, बँकेचं पुस्तक सगळं त्यांचंच घेतलं. त्या शेजारी बसून बघत होत्या.

"वर कोनाचं नाव येल?" त्यांनी विचारलं.

"तुमचं."

"तुज्या सासऱ्याचं?"

"आई, तुमचं. फक्त तुमचं."

पहिलं लेबल छापून आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. प्रेषक, आणि पुढे त्यांचं नाव. मग त्या आत गेल्या आणि चहा टाकला. पासष्टाव्या वर्षी एक वस्तू त्यांच्या नावानं घराबाहेर पडत होती, पत्त्यासकट. ते खातं हा त्यांचा सात-बारा होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळलं, पण मी ते लेबल नीट चिकटतंय का बघत होते.

आता नियम. पार्सल पोस्टानं जाणार होतं, म्हणून मी दोन संध्याकाळी बसून पोस्टाचे आणि साइटचे दोन्ही नियम वाचून काढले. माझ्यासारखीला प्रेमात पडावं असे नियम. खोकं अमुक इतक्यापेक्षा लांब नको, पण इतकं छोटंही नको की त्यावर पत्ता मावणार नाही. मोठं आणि हलकं खोकं दिलंत तर वजन सोडून आकाराचा आकार लावणार, म्हणजे आतली हवासुद्धा फुकट जाणार नाही. आत काय आहे ते खरं लिहायचं. गळणारं, नासणारं, पेटणारं, दुसऱ्याच्या टपालाला डाग पाडणारं काही नको. आणि अर्ध्या किलोचा टप्पा. चारशे नव्व्याण्णव असेल तर एक दर, पाचशे एक झालं की पुढचा. दोन ग्रॅमनी माणूस वरच्या वर्गात जातो.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिलं पार्सल स्वतः बांधलं. पत्र्याचा डबा, त्यावर जुन्या लुगड्याचं कापड, सुईदोऱ्यानं चारी बाजूंनी शिवलेलं, वर हळदीचं बोट. पोस्टातल्या खिडकीमागच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून ते बघितलं.

"मावशी, हे एसटीच्या टपावरचं पार्सल झालं," ते म्हणाले. "इथे खोकं लागतं."

"पडलं तरी फुटनार नाय," सासूबाई म्हणाल्या.

"ते खरं. पण ज्याच्यावर पडेल त्याचं काय?"

माणूस मोठा सज्जन. त्यांनी कुठल्या मापाचं खोकं घ्या, आत पिशवी दुहेरी करा, कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या द्या, सगळं समजावून सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. घरी येऊन गणित बसवलं. चारशे दहा ग्रॅम मसाला, बाकी दोन पिशव्या, पट्ट्या, बबल रॅप, खोकं, चिकटपट्टी, सगळं मिळून पाचशेच्या आत. मसाला भरायचा सासूबाईंनी, वजन आणि बांधणी माझी. फ्रिजवर कागद लागला.

दोन महिने झाले आणि खात्यावर पहिला लाल शेरा आला. घोषित वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत तफावत. मी तर उडालेच. वजनात चूक, आणि माझ्याकडून? साइटचा नियम असा की तीन लाल शेरे झाले की खातं बंद, कायमचं. मी काटा तपासला, नाणी ठेवून तपासला, किराणा दुकानात नेऊन तपासला. काटा बिचारा निर्दोष होता. मग एके दिवशी पत्ता चिकटवताना खोकं हलवलं तर आतून खुळखुळ आवाज आला. मसाला खुळखुळत नाही. उघडलं तर मसाल्याच्या पाकिटाशेजारी, वर्तमानपत्रात बांधलेला, मूठभर सुका जवळा. ते बारीक वाळलेले कोळंबीचे जीव, सगळे डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते.

"हे काय आई?"

"वरची मूठ."

बंदरावर मासळी वाट्यानं विकतात. वाटा ठरलेला, भाव ठरलेला, पण वाटा पाटीत पडला की विकणारी बाई वर आणखी मूठभर टाकते. सासूबाईंची आई तेच करायची. न मागता दिलेलं ते. घासाघीस करून घेतलं तर ती वरची मूठ नव्हे. सासूबाईंच्या मते तराजूतलं गिऱ्हाइकाचं असतं आणि वरचं आपलं, म्हणून माणूस ओळखायचा तो वरच्या मुठीवरून. मी वजन करून चिकटपट्टी आणायला वळले की मूठ आत जायची. आणि ती कुणालाही काहीही नव्हे, बरं का. त्या माझ्याकडून पत्ता वाचून घ्यायच्या तो यासाठी, हे मला आत्ता कळलं. पत्ता नागपूरचा असेल तर, समुद्र नाय बिचाऱ्यांना, जवळा. पुण्याचा असेल तर वाल, कारण पुण्याचे लोक वालाला नावं ठेवत नाहीत असं त्यांचं मत. माझ्या माहेरच्या बाजूचा, म्हणजे कराड-साताऱ्याचा पत्ता असेल तर दोन मुठी, कारण व्याही.

मी बोट ठेवलं. फ्रिजच्या कागदावर, नियम चौथा. आत काय आहे ते खरं लिहायचं. वजन जुळलं पाहिजे.

"पैसं घेतलंय का मी त्याचं?" त्यांनी विचारलं.

"तोच तर प्रश्न आहे. लेबलवर ते नाहीच."

"लेबलवर कशाला पायजे? मी सांगून देते का?"

मी म्हटलं, आणखी दोन शेरे आणि तुमचं नाव जाईल, आई. हे त्यांना लागलं. त्या म्हणाल्या, बरं, नाय टाकनार.

पण आधी रवाना झालेल्या पार्सलांना कोण थांबवणार. आठवड्याभरात दुसरा शेरा आला, फोटोसकट. गिऱ्हाईक शुद्ध शाकाहारी होतं. तक्रारीत लिहिलं होतं, पाकिटासोबत कागदात गुंडाळलेले मेलेले किडे निघाले. घोषित न केलेली वस्तू, असा शेरा साइटनं मारला. मला धरणी दुभंगावी असं झालं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांनी मसाल्याचं घमेलं बाजूला सारलं.

"किडं?" त्या म्हणाल्या. "जवल्याला किडं बोलला?"

"त्यांना माहीत नसेल."

"मग कालवन कराचं एकदा. चाखून बोलाचं."

त्यानंतर मी प्रत्येक खोकं बंद झाल्यावर पुन्हा काट्यावर ठेवायला लागले. जवळ्याची बरणी माळ्यावर गेली. सासूबाईंनी शब्द पाळला असं मी धरून चालले, कारण काटा रोज पाचशेच्या आतच दाखवत होता. सकाळी मी मुलीला शाळेत सोडायला जायची, तेवढ्यात त्यांनी दोन-चार खोकी भरून, चिकटपट्टी लावून ठेवलेली असायची. मी आले की वजन करायची. चारशे अठ्ठ्याण्णव, चारशे नव्व्याण्णव. एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, "आई, तुमचा हात काट्याला भारी पडला." त्या पदराला हात पुसत हसल्या. मला वाटलं, लाजल्या.

तिसरा शेरा असा आला. एक पार्सल वाटेत फुटलं. लाल मसाला सांडला तो शेजारच्या सहा पार्सलांवर, त्यातलं एक कुणाच्या तरी साखरपुड्याच्या साडीचं. कारण काय, तर आत दुसरी पिशवी नाही, कोपऱ्यांना पट्ट्या नाहीत, बबल रॅप नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखालचा कप्पा उघडला. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, पिशव्या आणि बबल रॅपचे तुकडे नीट घड्या घालून ठेवलेले. सासूबाईंनी मसाल्यातला एक कण कमी केला नव्हता. जवळा माळ्यावर गेला तरी वालाची मूठ चालूच होती, आणि तिच्या वजनाचं पॅकिंग त्यांनी काढून टाकलं होतं. नियम वजनाचा आहे ना, मग वजन जुळवलं. माझ्यापेक्षा बरोबर जुळवलं.

मी खूप बोलले. जे बोलले त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. खातं त्याच दिवशी गोठलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "नाव गेलं?" तेव्हा माझा आवाज खाली आला.

नाव अजून पूर्ण गेलेलं नव्हतं. अपिलाची सोय होती. साइटवरून व्हिडिओ कॉल येणार, खातेदारानं स्वतः बोलायचं, चूक कशी झाली ते सांगायचं. सरकारी कार्यालयात जिचं आयुष्य गेलं तिला अपील म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. चूक कबूल करायची, पण आपली नाही. मी सासूबाईंना दोन दिवस शिकवलं.

"म्हणायचं, पॅकिंगला एक बाई होती. तिनं केलं. तिला काढून टाकली."

"कुठली बाई?"

"कुठलीच नाही. म्हणायचं फक्त."

"मग काढली कशाला तिला?"

"आई."

"बरं. बाई होती. काढली."

कॉलच्या दिवशी त्यांनी नातीच्या बारशाला नेसलेली साडी नेसली. मी फोन डब्याला टेकवून उभा केला आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी ओट्याशी उभी राहिले. पलीकडे एक मुलगी, मराठीच, आवाज गोड. नाव विचारलं. सासूबाईंनी संपूर्ण नाव सांगितलं, स्वतःचं, वडिलांचं, नवऱ्याचं, आडनाव, गाव. पुढे मुलगी म्हणाली, "मॅडम, पॅकेटमध्ये एक्स्ट्रा आयटम कोणी टाकला होता?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ओठांनी दाखवलं, बाई. त्यांनी फोनकडे बघितलं.

"मी," त्या म्हणाल्या.

"चुकून गेला असेल ना, मॅडम?" मुलगी म्हणाली. भली पोर. दार उघडून धरलं होतं तिनं.

"चुकून मूठ भरते का गो कोनाची?" सासूबाई म्हणाल्या. "बाई-बिई कोन नाय. वर माझं नाव हाय. माझ्या नावानं नुसतं तोलून मापून कसं धाडू? मी टाकलं, मीच ते पुठ्ठं काढलं. साडी खराब झाली ते वाईट झालं. तिला सांग, माझ्याकडून चूक झाली. पुठ्ठ्याची चूक झाली. मुठीची नाय."

मग तिनं समोर लिहिलेलं वाचल्यासारखं विचारलं, "पुढे असं होणार नाही, अशी खात्री देता का?"

मी ओट्याशी हात जोडले, खरोखर जोडले.

"पुठ्ठा काडनार नाय," सासूबाई म्हणाल्या. "बाकी खोटं कशाला बोलू?"

संध्याकाळी मेल आला. खातं कायमचं बंद, त्याच नावानं पुन्हा नोंदणी होणार नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. राग आला होता, आणि त्या रागाखाली लाजही वाटत होती. ती न वाटावी म्हणून मी राग जरा जास्तच धरला. आठ वर्षं दुसऱ्यांचे अर्ज परत करणाऱ्या बाईनं एक खोटी बाई उभी केली होती आणि ज्यांना नियम कळत नाहीत असं मी घरभर सांगत होते त्यांनी सरळ खरं सांगून टाकलं होतं.

नवरा म्हणाला, तुझ्या नावानं उघड. त्यात गैर काही नव्हतं, सासूबाईही म्हणाल्या, उघड की. माझं आधार, माझं पॅन, वीस मिनिटांत झालं. लेबल छापून आलं, प्रेषक म्हणून माझं नाव. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आठ वर्षं कंत्राटावर काढूनही माझं नाव छापील असं कुठे आलं नव्हतं.

मसाला पूर्वीसारखाच सासूबाई करत राहिल्या. पिशव्या भरायच्या, माझ्या हातात द्यायच्या. पहिला महिनाभर मी प्रत्येक खोकं हलवून बघितलं, दोन-तीन तर फोडून बघितली. आत काही नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्या जागच्या जागी, पिशव्या दुहेरी. एकही लाल शेरा नाही. साइटनं माझ्या नावापुढे हिरवी खूण दिली, विश्वासू विक्रेता म्हणून.

मग नागपूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली. निवृत्त शिक्षिका असाव्यात, अक्षरावरून नव्हे, भाषेवरून वाटलं. सोबत निरोप होता, मागच्या खेपेला तुमच्याकडची भेट नव्हती, घाईत राहून गेली असेल, पण तो जवळा फार आठवतो. मी निरोप सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचा चेहरा खुलला, हे मी बघितलं. मी स्टूल घेऊन माळ्यावरची बरणी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"टाका आई एक मूठ. मी वजनाचं बघते काहीतरी."

"मी कशी टाकू?" त्या म्हणाल्या. आवाजात रुसवा नव्हता, एखादी साधी गोष्ट सांगावी तसं सांगत होत्या. "दुकान तुझं हाय. दुसऱ्याच्या दुकानातून मी कशी वाटत बसू?"

"अहो, मीच सांगतेय ना."

"मग तू टाक."

त्यांनी झाकण फिरवून बरणी माझ्याकडे सरकवली. मी हात घातला आणि मूठ भरली. उघडं खोकं काट्यावर होतं, काट्यावर चारशे ब्याण्णव, झाकणावर प्रेषक म्हणून माझं नाव. मी मूठ धरून उभी राहिले. एवढीशी मूठ, पण काही केल्या ती खोक्यावर नेववेना. मी ती परत बरणीत सोडली आणि खोकं बंद करायला घेतलं. चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं, ते सासूबाईंनीच नखानं उकलून दिलं.